गादी रिकामी झाल्यावर

साखरखेर्डा हे आज बुलढाणा जिल्ह्यातलं एक गाव आहे. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी या गावाच्या शिवारात दोन मोगल फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. दोघींचा बादशहा एकच होता, दिल्लीचा महंमदशहा. एका फौजेचा सरदार निजाम-उल-मुल्क. वजिरी सोडून, शिकारीचं निमित्त सांगून तो दिल्लीतून निघाला आणि दख्खनेत उतरला होता. दुसऱ्या फौजेचा सरदार मुबारिजखान, हैदराबादचा नाझिम. दख्खनेचा सुभा निजामाकडून काढून घ्यावा, असा बादशहाचा हुकूम त्याच्याजवळ होता. कागद पाहिला तर मुबारिजखान सरकारी माणूस आणि निजाम बंडखोर. दिवस मावळेपर्यंत मुबारिजखान रणात पडला. इतिहासकार लिहितात, की निजामानं त्याचं शीर दिल्लीला रवाना केलं आणि सोबत बंडखोराचा बीमोड केल्याबद्दल बादशहाचं अभिनंदन कळवलं. पुढच्याच वर्षी बादशहानं त्याला ‘आसफजाह’ हा किताब दिला.

या एका दिवसानं वऱ्हाडचा धनी बदलला. दारव्ह्याचा परगणा, त्यातलं बोरी अरब, खाली पैनगंगेपर्यंतचा सगळा कापसाचा मुलूख निजामाच्या अमलाखाली गेला. तरीही निजामानं स्वतःला राजा म्हणवून घेतलं नाही. त्याच्या वंशजांच्या टांकसाळीतून १८५७ पर्यंत मोगल बादशहाच्या नावाचीच नाणी पडत राहिली. फौज आपली, खजिना आपला, हुकूम आपला, पण नाव दुसऱ्याचं. ही पद्धत अठराव्या शतकात हिंदुस्थानभर रुळली होती. त्या काळातले सत्तापालट समजून घ्यायचे असतील, तर हे आधी ध्यानात घ्यावं लागतं.

सत्तापालट म्हटलं की डोळ्यांपुढे रणगाडे येतात, रेडिओवरच्या घोषणा येतात, गणवेशातला एखादा सेनाधिकारी येतो. विसाव्या शतकातल्या दक्षिण अमेरिकेनं ते चित्र आपल्या मनात पक्कं केलं आहे आणि ब्राझील हे त्यातलं ठळक उदाहरण. पण शस्त्राच्या बळावर गादी रिकामी करणं हा या उद्योगाचा अर्धाच भाग असतो. उरलेला अर्धा भाग दफ्तरात, न्यायासनापुढे आणि सावकाराच्या पेढीवर पार पडतो. गादीवर नवा माणूस बसवायचा तर त्याला कुणीतरी ‘धनी’ म्हणावं लागतं, त्याच्या नावानं हुकूम लिहावे लागतात आणि त्याच्या सैनिकांचा पगार चुकवावा लागतो. मराठ्यांच्या इतिहासात सत्तापालटाचे जे प्रसंग आले, त्यांचा निकाल बहुतेक वेळा याच दुसऱ्या भागात लागला. त्यातला सर्वांत गाजलेला प्रसंग पुण्याचा आहे.

भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, ३० ऑगस्ट १७७३. माधवराव पेशवे थेऊरला वारले त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव नुकताच अठरा वर्षांचा झाला होता. काका रघुनाथराव शनिवारवाड्यातच नजरकैदेत होते. वाड्याच्या चौकी-पहाऱ्यावर गारदी होते आणि त्यांचे जमादार होते सुमेरसिंग, खरकसिंग आणि महंमद इसफ.

हे गारदी कोण, ते नीट पाहायला हवं. फ्रेंचांच्या कवायती पद्धतीवर तयार झालेलं हे बंदूकधारी पायदळ होतं. पानिपतावर इब्राहिमखान गारदी जिवावर उदार होऊन लढला, तो याच प्रकारच्या सैन्याचा सेनानी. मराठी सरदाराला सरंजाम असे. गावांचा वसूल त्याच्याकडे येई आणि त्यातून तो आपलं पथक पोसे. राज्य टिकलं तर सरंजाम टिकेल, हे त्याला ठाऊक असे. गारद्याचं तसं नव्हतं. त्याच्या मालकीची जमीन नाही, वतन नाही, या मुलखात सोयरेधायरे नाहीत. महिन्याची रोख तलब हाच काय तो त्याचा धन्याशी संबंध. आणि रोख पैसा हीच पुण्याच्या खजिन्यातली कायमची टंचाईची गोष्ट होती. माधवरावांनी मरताना कर्जं फेडायची सोय लावून ठेवली होती, इतका हा विषय त्यांच्या जिवाला लागलेला होता. खजिन्यात रोकड नसली की शिपायांना एखाद्या परगण्यावर वरात लिहून मिळे, म्हणजे अमुक गावच्या वसुलातून तमुक रक्कम घ्यावी असा हुकूम. तो कागद घेऊन हिंडायचं आणि मिळेल ते पदरात पाडून घ्यायचं. तलब तुंबली की शिपाई सरदाराच्या दारी धरणं धरून बसत.

धरण्याला त्या काळी रीतसर मान्यता होती. १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीत टॉमस ब्राउटन नावाचा एक इंग्रज अधिकारी राहिला होता. धरण्यांचं वर्णन त्यानं बारकाईनं लिहून ठेवलं आहे. धरणं धरणारा अन्न सोडतो आणि ज्याच्या दारी धरणं धरलं, त्यानंही ते सुटेपर्यंत जेवायचं नाही, अशी चाल होती. खुद्द शिंद्यांच्या छावणीत असे प्रसंग वरचेवर येत. त्यामुळे हत्यारबंद शिपाई तलबेची ओरड करत वाड्यात शिरले, तर पुण्यात कुणाच्या पोटात लगेच गोळा येत नसे. ही नेहमीची कटकट होती. भाद्रपदातल्या त्या दुपारी नेमका याच सवयीचा आडोसा घेतला गेला.

त्या दिवशी सकाळी नारायणरावांच्या कानावर काहीतरी आलं होतं. रघूजी आंग्र्यांनी त्यांना सावध केलं आणि नारायणरावांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितलं. हरिपंतांनी ते काम जेवणानंतरवर टाकलं. दुपारी एकच्या सुमारास गारदी तलबेचा गिल्ला करत वाड्यात घुसले. नारायणराव धावत रघुनाथरावांच्या दालनात गेले आणि त्यांच्या गळ्यात पडले. पुढचं मराठी घराघरात ठाऊक आहे. तुळाजी पवारानं त्यांना ओढलं आणि गारद्यांनी वार केले. आडवा आलेला चापाजी टिळेकर धन्याबरोबर मारला गेला. अर्ध्या तासात वाड्यात अकरा माणसं कापली गेली. रियासतकार सरदेसाईंनी त्यांची विगत दिली आहे. नारायणराव धरून सात ब्राह्मण, दोन मराठे नोकर आणि दोन कुणबिणी. त्या दोन बायकांची आठवण शनिवारवाड्याच्या गोष्टी सांगताना कुणाला होत नाही, म्हणून ही विगत इथे मुद्दाम दिली.

या हत्येची आठवण लोकांनी एका अक्षरात बसवली आहे. रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाईंनी गारद्यांना दिलेल्या चिठ्ठीत ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं, ही कथा इतकी रुजली की तिचा वाक्प्रचार झाला. त्या चिठ्ठीचा अस्सल कागद काही कुणी दाखवू शकलेलं नाही. एका बाईच्या लेखणीवर सगळं टाकलं की बाकीचे प्रश्न आपोआप मिटतात, आणि ते मिटू नयेत असे आहेत. गारद्यांना लाखांच्या रकमा आणि किल्ले कबूल करणारं कोण होतं? कटाच्या धाग्यांत नागपूरकर मुधोजी भोसल्यांचे पुण्यातले वकील व्यंकटराव काशी आणि लक्ष्मण काशी गुप्ते यांची नावं का येतात? आणि राज्याच्या धन्याच्या दारावरचा पहारा पगारी, परक्या, थकबाकीनं चिडलेल्या शिपायांच्या हाती सोपवणं किती शहाणपणाचं होतं?

मारेकऱ्यांनी राज्य मागितलं नाही. मराठ्यांच्या सत्तापालटातली ही सर्वांत लक्षात घेण्याजोगी बाब आहे. सुमेरसिंगाच्या हातात त्या संध्याकाळी शनिवारवाडा होता, खजिना होता, तोफा होत्या. त्यानं द्वाही फिरवली ती रघुनाथरावांच्या नावानं. त्याला कबूल केलेले पैसे हवे होते. वाडा मिळाला तरी त्यावरून राज्य चालवायला लागणारी एकही गोष्ट त्याच्यापाशी नव्हती. देशमुख-देशपांडे त्याचा हुकूम मानणार नव्हते, सावकार त्याची हुंडी स्वीकारणार नव्हते आणि साताऱ्याचे छत्रपती त्याला वस्त्रं देणार नव्हते.

वस्त्रांचा मुद्दा वरवरचा वाटतो, पण तो कळीचा होता. शाहू महाराजांनंतर सत्ता पेशव्यांच्या हाती एकवटली होती आणि साताऱ्याच्या छत्रपतींना स्वतःच्या किल्ल्यातही मोकळीक उरली नव्हती. असं असूनही पेशवेपदाची वस्त्रं साताऱ्याहून आल्याखेरीज कुणी पेशवा होत नसे. पुतण्याचं रक्त सांडल्यावर रघुनाथरावांनीही आधी साताऱ्याला माणसं पाठवली आणि ऑक्टोबर १७७३ मध्ये वस्त्रं मिळवली. तोवर पुण्यातल्या मुत्सद्द्यांनी मान खाली घालून कारभार चालू ठेवला होता. सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे, सगळे नव्या धन्याच्या नोकरीत होते. वरून पाहणाऱ्याला वाटावं की उठाव पुरता यशस्वी झाला.

तो फसायला सुरुवात झाली न्यायासनापासून. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, रघुनाथरावांना दोषी ठरवलं आणि या पापाला देहान्त हेच प्रायश्चित्त आहे, असं त्यांच्या तोंडावर सांगितलं. मग ते पद सोडून पुण्याबाहेर निघून गेले. या प्रसंगावर शाळेच्या पुस्तकांत धडे आले, नाटकं झाली आणि रामशास्त्री बाणेदारपणाचा पुतळा होऊन बसले. त्यांच्या निकालाचा राजकीय परिणाम मात्र त्या पुतळ्यामागे झाकला जातो. राज्याच्या मुख्य न्यायाधीशानं पेशव्याला खुनी म्हटलं, याचा अर्थ त्याची आज्ञा मोडणं हा आता द्रोह राहिला नव्हता. कुंपणावर बसलेल्या प्रत्येक कारकुनाला, किल्लेदाराला आणि सावकाराला त्या निकालानं एक वाट मोकळी करून दिली.

त्या वाटेनं बारभाई, म्हणजे रघुनाथरावांविरुद्ध एकवटलेले मुत्सद्दी, गेले. रघुनाथराव निजामावर स्वारीला निघाले आणि छावणीतून एकेक मुत्सद्दी दुखण्याचं निमित्त सांगून मागे फिरू लागला. नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. जानेवारी १७७४ मध्ये तिला पुरंदर किल्ल्यावर नेऊन ठेवलं आणि तिच्या नावानं कारभार सुरू झाला. गादीवर बसायचा होता तो अजून जन्मलाही नव्हता, पण दफ्तर, शिक्का आणि हिशेब त्याच्या बाजूला आले होते. रणांगणावर रघुनाथराव अजून भारी होते. २६ मार्च १७७४ रोजी पंढरपुराजवळ कासेगावला त्यांनी त्रिंबकराव पेठ्यांचा पराभव केला आणि त्या लढाईच्या जखमांनी पेठे दगावले. पण जिंकलेल्या पेशव्याला पुण्यात परत जाता येईना. १८ एप्रिलला पुरंदरावर गंगाबाईंना मुलगा झाला आणि चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांना पेशवेपदाची वस्त्रं मिळाली. लढाई हरलेली बाजू राज्य जिंकून बसली होती.

रघुनाथरावांनी मग जे केलं, त्याची किंमत साऱ्या हिंदुस्थाननं मोजली. त्यांना मान्यता देईल असं देशात कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी ती मुंबईच्या इंग्रजांकडून विकत घेतली. ६ मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात साष्टी आणि वसई देऊ केली. त्यातून पेटलेलं पहिलं इंग्रज-मराठे युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चाललं. रघुनाथराव पुढच्या वर्षी कोपरगावला वारले.

पुण्याच्या या आगीची झळ विदर्भाला लागली ती नागपूरकर भोसल्यांच्या भाऊबंदकीतून. जानोजी भोसले १७७२ मध्ये वारले. त्यांनी धाकटा भाऊ मुधोजी याचा मुलगा रघूजी दत्तक घेतला होता. मधला भाऊ साबाजी याला सेनासाहेबसुभ्याचं पद स्वतःला हवं होतं. रघुनाथराव मुधोजीच्या पाठीशी, बारभाई साबाजीच्या. २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरजवळच्या पाचगावला दोघे भाऊ समोरासमोर आले. साबाजीचा जय झाल्यासारखाच होता. भावाला शरण आणावं म्हणून त्यानं आपला हत्ती मुधोजीच्या हत्तीजवळ नेला आणि मुधोजीनं त्याला गोळी घातली. लढाई तिथेच संपली. बारभाईंनी ज्याला पाठिंबा दिला होता तो मेला होता. पुण्याच्या कारभाऱ्यांना रघूजीला मानणं भाग पडलं आणि मुधोजी मुलाच्या नावानं नागपूरचं राज्य हाकू लागला. वऱ्हाडात तेव्हा दुअमली होती. एकाच गावच्या वसुलात निजामाचा वाटा आणि भोसल्यांचाही. नागपुरात कोण बसतं, याची विचारपूस दारव्ह्याच्या पाटलाला करावीच लागे, कारण दोन्हीकडचे शिपाई दारात यायचे.

पुण्यात पुढची पिढी आली तेव्हा तलबेचं दुखणं आणखी चिघळलेलं होतं. दुसऱ्या बाजीरावांनी गादीसाठी दौलतराव शिंद्यांचा पाठिंबा घेतला आणि त्यापोटी मोठी रक्कम कबूल केली. ती देता येईना. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा पगार भागवायचा म्हणून १७९८ मध्ये सर्जेराव घाटगे पुण्यातल्या सावकारांवर आणि गृहस्थांवर सोडला गेला. लोकांना तोफेच्या तापलेल्या नळीला बांधून पैसे काढल्याच्या हकिकती आहेत. राज्य राखायला ठेवलेलं सैन्य स्वतःच्याच राजधानीवर वसुलीला निघालं, की त्या राज्याचं काय शिल्लक राहिलं, हे पुण्याच्या लोकांना आता कुणी सांगण्याची गरज नव्हती. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला लढाई मारून पुणे घेतलं. पण पेशवा निसटला, वसईला जाऊन इंग्रजांच्या तहावर त्यानं सही केली आणि सहा महिन्यांत इंग्रज पलटणी त्याला पुण्यात परत घेऊन आल्या. मान्यता देण्याचं दुकान साताऱ्याहून आता कलकत्त्याला हललं होतं.

नागपुरात ते आणखी उघड दिसलं. दुसरे रघूजी २२ मार्च १८१६ रोजी वारले आणि दुबळ्या प्रकृतीचा परसोजी गादीवर आला. त्याचा चुलतभाऊ आप्पासाहेब कारभार पाहू लागला. मे १८१६ मध्ये रात्रीच्या वेळी, गुपचूप, त्यानं इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. १ फेब्रुवारी १८१७ च्या सकाळी परसोजी अंथरुणात मेलेला आढळला. आप्पासाहेब तेव्हा चांद्याला होता. इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्सनं नव्या राजाला मान्यता दिली. संशय त्याच्याही मनात असणार, पण जो राजा कंपनीच्या कामाचा, त्याच्या खोलीतलं रक्त पाहायची कंपनीला घाई नव्हती. आप्पासाहेब विरोधात गेला, तेव्हा परसोजीचा खून कंपनीला आठवला आणि त्याच्याविरुद्धच्या आरोपांत वापरला गेला.

तो विरोध नोव्हेंबर १८१७ मध्ये पेटला. पेशव्यानं पाठवलेली सेनापतिपदाची वस्त्रं आप्पासाहेबानं २४ तारखेला दरबार भरवून स्वीकारली आणि २६-२७ नोव्हेंबरला सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई झाली. त्याच्या फौजेत अरब पायदळ होतं. अरबी शिपाई त्या काळी हैदराबादपासून बडोद्यापर्यंत चाकरीला असत आणि तटबंदीमागून लढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. सीताबर्डीवर आप्पासाहेब हरला, डिसेंबरात शरण गेला, पण अरब शरण जाईनात. त्यांनी नागपूर शहर आणि वाडा धरून ठेवला. २४ डिसेंबरला इंग्रजांनी जुम्मा दरवाजावर हल्ला केला आणि तो फसला. महाल भागातला आजचा गांधी गेट म्हणजेच तो दरवाजा. धनी रेसिडेंटाच्या ताब्यात आणि त्याचे शिपाई अजून लढताहेत, असं विलक्षण चित्र काही दिवस नागपुरानं पाहिलं. ३० डिसेंबरला अरबांनी आपल्या अटींवर शहर सोडलं. बायकामुलं, हत्यारं आणि स्वतःची चीजवस्तू घेऊन ते बाहेर पडले आणि वऱ्हाड ओलांडून मलकापुरापर्यंत त्यांना सुखरूप पोचवण्यात आलं. पुढल्या एप्रिलात खुद्द दुसरा बाजीराव पळता पळता याच बाजूला आला. पांढरकवड्याजवळ शिवणीला कर्नल ॲडम्सनं त्याचा पराभव केला. पेशवाईच्या अखेरच्या लढायांपैकी एक यवतमाळच्या मातीत झाली, हे जिल्ह्यात फारसं कुणी सांगत नाही.

आता ब्राझीलकडे पाहिलं, तर साम्य आणि फरक दोन्ही स्वच्छ दिसतात. १५ नोव्हेंबर १८८९ रोजी रिओ दि जानेरोत मार्शल देओदोरो दा फोन्सेका आजारी अंगानं घोड्यावर चढला आणि मंत्रिमंडळ उलथवलं. सम्राट दुसरा पेद्रो याच्याबद्दल देओदोरोला वैयक्तिक आदर होता. दिवस संपेपर्यंत साम्राज्यच संपलं आणि दोन दिवसांत सम्राटाला कुटुंबासह युरोपच्या जहाजावर बसवलं गेलं. तिथेही सैन्याच्या तक्रारी होत्या. परग्वेविरुद्धच्या लढाईत रक्त सांडूनही आपली कदर नाही, पगार-बढत्या अडकून पडतात, अशी भावना होती. एक वर्ष आधी गुलामगिरी रद्द झाल्यानं बडे जमीनदारही सम्राटावर रुसलेले होते. पण ब्राझीलचे अधिकारी गारद्यांसारखे आपलं देणं घेऊन वाटेला लागले नाहीत. ते लष्करी शाळेत शिकलेले होते, देशाचं भलं आपल्यालाच कळतं असं त्यांच्या मनावर ठसलेलं होतं आणि ‘सुव्यवस्था आणि प्रगती’ हे ब्रीद त्यांनी नव्या झेंड्यावर लिहिलं. सैन्य हीच देशाची पालक संस्था, ही समजूत तिथे तेव्हापासून रुजली. १९३०, १९३७, १९४५, १९६४ या सगळ्या वर्षांत सैन्यानं सरकारं आणली किंवा घालवली.

त्यातही १९६४ चा तपशील जवळून पाहण्यासारखा आहे. ३१ मार्चला मिनास जेराइस प्रांतातून जनरल मोराँव फिल्योच्या तुकड्या रिओकडे निघाल्या. अध्यक्ष ज्वाँव गुलार्त रिओहून ब्राझीलियाला आणि तिथून दक्षिणेत पोर्तू आलेग्रेला गेले. २ एप्रिलच्या पहाटे सिनेटच्या अध्यक्षांनी गोंधळ चालू असताना जाहीर केलं, की राष्ट्राध्यक्षपद रिक्त झालं आहे. गुलार्त तेव्हा ब्राझीलच्याच भूमीवर होते. रिकाम्या न झालेल्या खुर्चीला एका घोषणेनं रिकामी केलं गेलं आणि त्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या हंगामी अध्यक्षाला शुभेच्छा पाठवल्या. त्यातून एकवीस वर्षांची लष्करी राजवट आली. डिसेंबर १९६८ च्या पाचव्या फर्मानानं संसद बंद केली आणि अटकेविरुद्ध दाद मागण्याचा हक्कही काढून घेतला. राष्ट्रीय सत्य आयोगानं २०१४ मध्ये मारल्या गेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या ४३४ जणांची नोंद केली. २०१३ मध्ये ब्राझीलच्या संसदेनं त्या पहाटेची बैठकच रद्दबातल ठरवली. ज्या घोषणेनं सगळ्याला कायदेशीर रूप दिलं होतं, तीच जवळजवळ अर्ध्या शतकानं पुसली गेली.

आणि २०२२ च्या अखेरीला जाईर बोल्सोनारो निवडणूक हरले, तेव्हा सत्ता न सोडण्याची योजना सेनादलप्रमुखांपुढे आली. लष्कर आणि हवाई दलाच्या प्रमुखांनी साथ द्यायचं नाकारलं, अशी साक्ष त्यांनी दिली. नौदलप्रमुख मात्र तयार होता. ८ जानेवारी २०२३ ला जमावानं राजधानीतल्या इमारती फोडल्या, पण सरकार हललं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बोल्सोनारो यांना २७ वर्षं ३ महिन्यांची शिक्षा ठोठावली. नौदलप्रमुखालाही शिक्षा झाली. माजी राष्ट्राध्यक्षाला त्याच्याच देशातल्या न्यायाधीशांनी दोषी ठरवलं, हे वाचताना मराठी माणसाला रामशास्त्री आठवले तर नवल नाही. फरक इतकाच की ब्राझीलच्या न्यायाधीशांना निकाल देऊन शहर सोडावं लागलं नाही.

वऱ्हाडचा शेवटचा मोठा सत्तापालट मात्र यांतल्या कशासारखाही झाला नाही. एकही गोळी न झाडता, केवळ पगाराच्या बिलावर हा मुलूख निजामाच्या हातून गेला.

हैदराबाद कंटिंजंट नावाची एक फौज होती. नाव निजामाचं, अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटाचा आणि खर्च निजामाच्या खजिन्यातून. शांततेच्या काळात अशी कायम फौज पोसायला निजाम कुठल्याही तहानं बांधलेला नाही, हे गव्हर्नर-जनरल डलहौसीलाही मान्य होतं. अचलपूर, हिंगोली अशा ठिकाणी तिच्या छावण्या होत्या. अधिकाऱ्यांचे पगार भरमसाट आणि निजामाच्या तिजोरीत खडखडाट. हैदराबादचे दिवाण पैसा उभा करायला परगणे सावकारांकडे लावत. वऱ्हाडचा बराचसा वसूल आधी पुरणमल या सावकाराकडे आणि मग पेस्तनजी या पारशी पेढीकडे गहाण होता. तीच पेढी वऱ्हाडचा कापूस बैलांवर लादून मुंबईला पाठवणाऱ्या पहिल्या मोठ्या व्यापाऱ्यांपैकी होती. सावकार वसुलीला आला की आपली रक्कम व्याजासकट काढून घेई. पुढच्या वर्षी गाव राहिलं काय आणि ओस पडलं काय, याचं त्याला सोयरसुतक नव्हतं. कुणबी गाव सोडून जात. कंटिंजंटचा पगार थकला की कंपनी आपल्या खजिन्यातून तो भागवी आणि रक्कम निजामाच्या नावे कर्ज मांडी, व्याजासह.

कर्ज फुगलं आणि डलहौसीनं मुलूख मागितला. निजाम नासिर-उद्-दौला महिनोन्महिने नकार देत राहिला. रेसिडेंट कर्नल लो याच्याशी झालेल्या बोलण्यांत त्यानं अपमान, संताप, विनवणी सगळं करून पाहिलं. अखेर २१ मे १८५३ रोजी तह झाला. वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब कंटिंजंटच्या खर्चापोटी इंग्रजांच्या ताब्यात गेले. तह करणारा दिवाण सिराज-उल-मुल्क काही दिवसांतच वारला आणि त्याचा चोवीस वर्षांचा पुतण्या सालारजंग दिवाण झाला. पुढची तीस वर्षं सालारजंग वऱ्हाड परत मागत राहिला. कंटिंजंटच्या खर्चाची सोय आम्ही दुसरीकडून करून देतो, मुलूख परत द्या, असं तो सांगे. लंडनपर्यंत जाऊन त्यानं आपलं म्हणणं मांडलं. १८६० च्या तहानं धाराशिव आणि रायचूर परत मिळाले, ५० लाखांचं कर्ज रद्द झालं, पण वऱ्हाड इंग्रजांनी ठेवून घेतलं. तोवर अमेरिकेतल्या यादवीमुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव यायची वेळ जवळ आली होती.

दारव्हा तालुका तेव्हा वणी जिल्ह्यात मोडे. त्या जिल्ह्याला यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये मिळालं. त्याआधी ५ नोव्हेंबर १९०२ रोजी लॉर्ड कर्झननं निजाम महबूब अली खानाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं लिहून घेतलं. बदल्यात वर्षाला २५ लाख रुपये ठरले. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडण्यात आलं. ज्या हैदराबाद कंटिंजंटच्या पगारासाठी पन्नास वर्षांपूर्वी हा मुलूख घेतला होता, ती फौजही त्याच वर्षी मोडून हिंदी लष्करात विलीन करण्यात आली.